लहरी जनतेच्या, परवाना सरकारचा

१९९३ च्या हीरो कप या क्रिकेट स्पर्धेचं प्रक्षेपण कोण करणार, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. बंगाल क्रिकेट संघटनेने हक्क एका परदेशी कंपनीला विकले होते, आणि दूरदर्शनला ते मान्य नव्हतं. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टमने अडवली. सरकारची सगळी भिस्त होती १८८५ च्या तार कायद्यावर.

तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, इतरांनी परवाना घ्यायचा, असं तो कायदा सांगत होता. १८५७ मध्ये तारेची ताकद इंग्रजांनी अनुभवली होती, त्यामुळे ती त्यांना मुठीत हवी होती. पुढे रेडिओ आला, तोही याच चौकटीत बसवला गेला. मुंबईत १९२७ मध्ये एका खासगी कंपनीने प्रसारण सुरू केलं. तीन वर्षांत ती बुडाली आणि केंद्रं सरकारकडे गेली. स्वातंत्र्यानंतरही कायदा तोच राहिला. घरी रेडिओ असला की पोस्टातून परवान्याचं पुस्तक घ्यायचं आणि मुदत संपली की पैसे भरून त्यात नवं तिकीट लावून आणायचं. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला नुसतं ऐकण्यासाठीही कित्येक वर्षं परवाना लागत होता!

सामन्याच्या वादाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रसारण ज्यांच्यावरून होतं त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी पैसेवाल्यांचीही नको. समाजाच्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था नेमा. माझ्या मते आपल्या प्रसारणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निकाल आहे.

अंमलबजावणी मात्र अर्धवटच झाली. १९९७ मध्ये टेलिफोन क्षेत्रासाठी ट्राय ही नियामक संस्था आली. त्याच वर्षी प्रसार भारती आली, पण तिच्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन एवढंच. वाहिन्यांचे परवाने माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिले. तार कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा यावा लागला, आणि त्यातही परवानगी देणारं केंद्र सरकारच आहे.

खासगी एफएमला २०११ च्या धोरणाने बातम्यांची मुभा दिली ती एवढीच: आकाशवाणीचं बातमीपत्र, जसंच्या तसं.