ऱ्हाईनचे पाणी उतरले की मालगाड्या आणि ट्रक का पुरे पडत नाहीत

22 ऑक्टोबर 2018 रोजी जर्मनीतल्या काउब या लहानशा गावातल्या मोजपट्टीने ऱ्हाईन नदीची पातळी 25 सेंटिमीटर दाखवली. तिथला हा आजवरचा नीचांक. मोजपट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. 25 दिसले तरी जहाजांच्या मार्गात सव्वा मीटरपेक्षा थोडे जास्त पाणी असते. म्हणून जहाजे थांबत नाहीत, ती हलकी होतात. एरवी अडीच हजार टन नेणारे जहाज जेमतेम काही शे टन घेऊन निघते आणि तेवढ्याच मालाला चार-पाच जहाजे लागतात. जहाजांची टंचाई होते, भाडे चढते आणि मग सगळ्यांच्या नजरा रेल्वेकडे व ट्रककडे वळतात.

गोव्यात मांडवी-जुवारीवरचे खनिजाचे बार्ज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना उथळ पाण्याची अडचण समजेल. पण तिथे काही तास थांबले की भरती येते. काउबला भरती नाही. तिथे आल्प्समधल्या बर्फाची आणि पावसाची वाट पाहावी लागते, कधी कधी आठवडेच्या आठवडे.

जर्मनीच्या अंतर्गत जलवाहतुकीतला सुमारे 80 टक्के माल याच एका नदीवरून जातो. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनसाठी आंतरराष्ट्रीय आयोग ठरला आणि 1868 च्या मानहाइम करारामुळे नदी सर्व देशांच्या जहाजांना खुली झाली. रसायने, पोलाद, वीज, तेल या उद्योगांचे कारखाने काठावर उभे राहिले ते स्वस्त पाणवाटेच्या भरवशावर. रेल्वे काठानेच धावते, महामार्गही शेजारीच आहे. नकाशा पाहिला तर वाटते, एक वाट अडली तर उरलेल्या दोन आहेतच. मला हा समज धोकादायक वाटतो, कारण गेल्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा खोटा ठरला आहे.

जानेवारी 2011 मध्ये ऱ्हाईनवरच्या लोरेलाय या कड्याजवळ सुमारे 2,400 टन सल्फ्युरिक आम्ल नेणारे ‘वाल्डहोफ’ हे जहाज उलटले, दोन खलाशांचा जीव गेला. नदीचा तो भाग कित्येक आठवडे बंद-सुरू होत राहिला आणि शेकडो जहाजे खोळंबली.

2017 चा प्रसंग उलट्या बाजूचा. 12 ऑगस्टला जर्मनीतल्या रास्टाट इथे रुळांखाली बोगदा खणताना जमीन खचली आणि कार्ल्सरूहे-बाझेल ही मुख्य लोहमार्गिका 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. या मार्गावरून रोज दोनशेच्या आसपास मालगाड्या जात. वळणाच्या वाटा अपुऱ्या होत्या. फ्रान्समधून न्यावे तर फ्रेंच येणारे लोको पायलट हवेत, आणि ते पुरेसे नव्हते. तेव्हा काही भार नदीने उचलला. पुढच्याच वर्षी नदीच आटली.

2018 ला लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीच्या कारखान्याला कच्चा माल पुरेना, काही उत्पादन थांबवावे लागले. कंपनीने नुकसान सुमारे 25 कोटी युरो सांगितले. जर्मन सरकारने राखीव साठ्यातले इंधन खुले केले. रेल्वेने माल का हलवला नाही? टाकी-वॅगन आयत्या वेळी मिळत नाहीत, मार्गिकांवर गाड्यांची गर्दी आधीच झालेली असते. आणि अनेक कारखान्यांत शिरणारी साईडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासून आत जाणारा रुळांचा फाटाच, राहिलेली नाही: 1994 मध्ये जर्मनीत अशा खासगी साईडिंग 11 हजारांहून अधिक होत्या, आता अडीच हजारांच्या आत उरल्या आहेत. वापर नाही, देखभालीचा खर्च आहे, म्हणून रूळ उखडले गेले. ट्रकचे गणित तर सरळच आहे. एका ट्रकमध्ये साधारण 25 टन, म्हणजे एका भरलेल्या जहाजाला शंभर ट्रक आणि शंभर चालक. चालकांची वानवा कायमचीच, त्यात रविवारी अवजड ट्रकना बंदी.

2022 च्या उन्हाळ्यात काउबची पातळी पुन्हा तीस सेंटिमीटरच्या घरात आली, आणि त्याच वेळी रशियन वायूचा पुरवठा घटल्याने कोळशाची मागणी वाढली होती. टँकर-जहाजांचे भाडे जूनमधल्या टनामागे 20 युरोंवरून 100 च्या पुढे गेले. ऑगस्टअखेर सरकारने कोळसा व तेलाच्या गाड्यांना रुळांवर अग्रक्रम देण्याचा आदेश मंजूर केला. त्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी गाडी, प्रवाशांचीसुद्धा, बाजूला उभी राहणार हे उघड होते. नदीवरची टंचाई रेल्वेत आली ती अशी.

2018 च्या अनुभवानंतर बीएएसएफने कमी पाण्यात चालणारे ‘स्टोल्ट लुडविग्सहाफेन’ हे टँकर बांधून घेतले. मोजपट्टीवर 30 सेंटिमीटर असतानाही ते 800 टन नेऊ शकते. काउब ज्यात येते त्या माइन्त्स ते सांक्ट गोआर टप्प्यात एरवीच्या कमी पाण्यात मिळणारी खोली 1.90 वरून 2.10 मीटर करण्याचा प्रकल्प मात्र 2016 पासून सरकारी आराखड्यातच आहे. दरम्यान, काउबवरूनच जाणारा, मालगाड्यांचा मुख्य असा उजव्या काठचा लोहमार्ग डागडुजीसाठी जुलै ते डिसेंबर 2026 पूर्ण बंद ठेवायचे डॉइच बान या जर्मन रेल्वे कंपनीने ठरवले. 2018 आणि 2022 या दोन्ही वर्षी पाणी उतरले ते याच महिन्यांत.