संरक्षण खर्चावरील संसदीय देखरेख (विदर्भाच्या संदर्भात)

सैन्यावर होणारा खर्च आणि लष्करी धोरण यांवर लोकप्रतिनिधी ठेवतात ती नजर. संरक्षण हा केंद्रसूचीतला विषय असल्याने हा अधिकार संसदेचा आहे, विधानसभेचा नाही. विदर्भातल्या काही गावांना हा फरक चांगलाच ठाऊक आहे. पुलगावला (जि. वर्धा) लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे आयुध निर्माण्या (दारूगोळ्याचे सरकारी कारखाने) आहेत. भांडारालगतच्या गावांचे रस्ते, पुनर्वसन, नुकसानभरपाई हे प्रश्न आमदार नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडू शकतो. आत साठवलेल्या मालाच्या सुरक्षेबद्दल विचारायचे तर खासदारच गाठावा लागतो, आणि गोपनीय म्हटल्या जाणाऱ्या माहितीचा प्रश्न त्यालाही नाकारला जातो.

संरक्षणाच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी सरकारने मागितलेल्या रकमा, लोकसभेच्या मंजुरीशिवाय खर्ची पडत नाहीत. २०२५-२६ साठी ही तरतूद सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होती. संरक्षणविषयक स्थायी समिती (स्थापना १९९३, लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य) मागण्यांची छाननी करते, सचिवांना आणि सेनाधिकाऱ्यांना बोलावून विचारते. तिच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. काय केले एवढे मात्र सरकारला कळवावे लागते. सभागृहातली चर्चा त्याहून तोकडी. वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात, याला ‘गिलोटिन’ म्हणतात. संरक्षणाच्या मागण्या अनेकदा अशाच, चर्चेविना पार झाल्या आहेत.

खरा धाक लेखापरीक्षणाचा, पण ते खर्च झाल्यावर येते. ‘कॅग’चा (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) अहवाल संसदेत मांडला जातो, मग संसदेची लोकलेखा समिती त्यावर सुनावणी घेते, १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. दारूगोळ्याच्या साठ्यावर ‘कॅग’ने २०१५ मध्ये ताशेरे ओढले. २०१७ च्या अहवालात १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. साठा किती हे असे उघड झाले. तो कसा ठेवला जातो, याकडे देशाचे लक्ष वळायला आग लागावी लागली. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक जण, बहुतेक अग्निशमन दलाचे, मरण पावले. आगरगाव, नागझरीसारख्या गावांतली माणसे रात्रीच घरे सोडून निघाली. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी येऊन गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत बहुतेक ठेकेदाराकडचे रोजंदार मजूर होते.

१ ऑक्टोबर २०२१ पासून या निर्माण्या चालवणारे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. जवाहरनगर व भद्रावतीच्या निर्माण्या त्यांतल्या पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, त्यामुळे सरकारी कंपन्या तपासणाऱ्या संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीलाही त्यांचा हिशेब तपासता येतो. जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार मेले. निर्माण्यांतल्या संपाला बंदी करणारा एका वर्षाचा कायदा मात्र या कंपन्या होण्याआधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, लोकसभेने गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर केला होता.