टेरिअर, लहान : गोव्यातील पैदास व प्रदर्शन

बिळात शिरून उंदीर, घूस, कोल्हा यांना बाहेर काढण्यासाठी मुख्यतः ब्रिटिश बेटांवर घडवलेल्या ठेंगण्या कुत्र्यांचा गट. तसेच या जातींची वंशावळ राखून पैदास करण्याचा व त्यांना प्रदर्शनात उतरवण्याचा गोव्यातील काही कुटुंबांनी जोपासलेला छंद. ‘टेरिअर’ हे नाव लॅटिन ‘तेर्रा’ (भूमी) या शब्दापासून फ्रेंचमार्गे आले. मराठीत त्याला प्रतिशब्द रुळला नाही. गोव्यात सगळीच ‘सुणीं’ (कोंकणीत कुत्री), आणि केसाळ व लहान दिसले की बहुधा ‘पामेरियन’. जातिवंत टेरिअर पाळणाऱ्याला ही दुरुस्ती जन्मभर करावी लागते.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय, स्थापना १९११) वर्गीकरणात टेरिअर हा तिसरा गट असून त्याचे चार विभाग आहेत. स्कॉटिश, केर्न, वेस्ट हायलंड व्हाइट, नॉर्विच, नॉर्फक, जॅक रसेल या जाती लहान टेरिअरांच्या विभागात येतात, तर यॉर्कशर खेळणी-टेरिअरांत (‘टॉय’, म्हणजे अगदी लहान चणीच्या टेरिअरांत). इंग्लंडच्या केनेल क्लबने (१८७३) यॉर्कशरला टेरिअर न मानता खेळणी गटात ठेवले आहे. प्रस्तुत नोंदीत तो टेरिअर धरला आहे, कारण गोव्यातील घरांत जॅक रसेलच्या खालोखाल तोच भेटतो. नॉर्विच व नॉर्फक यांत ढोबळ फरक कानांचा : उभे ते नॉर्विच, पडलेले ते नॉर्फक. १९६४ पर्यंत इंग्लंडमध्ये दोन्ही एकच जात मानली जात.

जॅक रसेलच्या उगमाविषयी बरेच लिहिले गेले आहे. डेव्हनमधील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी, डोळे-कानांवर गडद ठिपके असलेली कुत्री घेतली व तिच्यापासून आपला वंश चालवला, ही कथा सर्वत्र दिली जाते. खरेदीचे साल कोणी १८१५ तर कोणी १८१९ देतात. दुसरे अधिक प्रचलित आहे. रसेल केनेल क्लबच्या संस्थापक सभासदांपैकी होते. तथापि आजचा आखूड पायांचा जॅक रसेल थेट ट्रम्पचा वंशज म्हणणे धाडसाचे ठरेल. मधल्या शतकात शिकारी व शेतकरी यांनी दिसेल त्या कामसू टेरिअरशी संकर केले आणि जातीचे रूप ऑस्ट्रेलियात स्थिर झाले. एफसीआयही उगम इंग्लंडचा आणि विकास ऑस्ट्रेलियाचा असेच नोंदवते. तिने या जातीला दिलेली तात्पुरती मान्यता २००० सालची व अंतिम २००३ ची. इंग्लंडच्या केनेल क्लबने मात्र २०१६ पर्यंत वाट पाहिली. जातीच्या ठरलेल्या मानकानुसार उंची २५ ते ३० सेंमी. व दर ५ सेंमी. उंचीस १ किग्रॅ. वजन अपेक्षित असते. लांब पायांचा पार्सन रसेल ही वेगळी जात. गोव्यात दोघांची गल्लत नेहमीची.

यॉर्कशरची कथा गिरणीकामगारांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधून यॉर्कशर-लँकेशरकडे आलेल्या विणकरांनी आपली लहान केसाळ कुत्री सोबत आणली. त्यांत क्लाइड्सडेल, पेझ्ली व इंग्लिश काळ्या-तांबूस टेरिअरांचे रक्त मिसळले, याबाबत साधारण एकमत आहे. माल्टीज या लहान केसाळ जातीच्या सहभागाविषयी मतभेद असून तो गृहीत न धरणे बरे. ‘हडर्सफील्ड बेन’ (१८६५–७१) हा कुत्रा जातीचा मूळपुरुष समजला जातो. ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनाचे संस्थापक चार्ल्स क्रफ्ट यांनी १८८६ मध्ये लंडनला भरवलेले प्रदर्शन केवळ टेरिअरांचे होते, ही गोष्टही येथे नोंदवण्याजोगी.

गोव्यात टेरिअर कसे आले? पोर्तुगीज राजवटीशी (१५१०–१९६१) नाते जोडून ‘पोदेंगो पेकेनो’ या २० ते ३० सेंमी. उंचीच्या पोर्तुगीज कुत्र्याकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. तो जहाजांवर उंदीर मारी, अशी आख्यायिकाही आहे. पण पोदेंगो टेरिअर नव्हे. एफसीआय त्याला पाचव्या गटात ठेवते. ब्रिटिश मार्ग अधिक संभवनीय वाटतो. बेळगावची लष्करी छावणी घाटापलीकडेच होती, १८८० च्या दशकात ब्रिटिश भांडवलावर मुरगाव बंदर व रेल्वे उभी राहिली, आणि नोकरीसाठी मुंबई, पूर्व आफ्रिका व पुढे इंग्लंडला गेलेले गोवेकर सुटीवर घरी येत-जात राहिले. नोंदणीकृत वंशावळीची पैदास हा मात्र अलीकडचा प्रकार, बहुधा मुक्तीनंतरचा.

गोव्यातील छंदाचा कणा म्हणजे केस, आणि केसांचा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो. दुहेरी केसांचा वेस्ट हायलंड ओलाच राहिला तर आठवड्यात पंजांच्या बेचक्यांत लाली व बुरशीचा आंबूस वास येतो. ही जात मुळातच त्वचेच्या ॲलर्जीला बळी पडणारी. खरखरीत केसांच्या जातींना कात्री-मशीन चालत नाही. मशीनने कापलेला केस मऊ पडतो, रंग फिका होतो. म्हणून मेलेला केस अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून वाढीच्या दिशेने उपटतात. यास ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात. पिकलेला केस सहज येतो आणि कुत्रे टेबलावर पेंगते. ते कुरकुरले तर केस अजून कच्चा आहे असे समजावे. उपटल्यावर नवा कडक केस यायला साधारण दहा-बारा आठवडे लागतात. हिवाळी प्रदर्शनासाठी ‘चवथ (गणेश चतुर्थी) उरकली की टेबल काढायचे’ हा हिशेब त्यातूनच येतो. यॉर्कशरचे केस उलट वाढवायचे, कागदी पट्ट्यांत गुंडाळून रबराने बांधायचे व एक-दोन दिवसांआड सोडून विंचरायचे. पिल्लू जन्मतः काळे-तांबूस असते व पोलादी निळा रंग पुढे उतरतो, हे ठाऊक नसल्याने ‘रंग चुकला’ म्हणून परत आणलेली पिल्लेही असतात.

हे काम एका माणसाचे नाही, म्हणून छंद घराचा होतो. गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. कुत्री वितेवेळी बहुधा घरातली वडीलधारी बाई जागते, नाळ, वार मोजते, पिल्लांचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज टिपते. दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट व चवथीचे फटाके टळतील अशा बेताने काही जण संयोग ठरवतात. प्रत्येक पिल्लाला दोन नावे असतात : वंशावळीत केनेलचे (पैदासगृहाचे) नाव लागलेले लांबलचक इंग्रजी आणि हाक मारायला घरचे.

नियमांत २०१७ चे केंद्रीय श्वानपैदास व विक्री नियम मुख्य आहेत. त्यांनुसार प्रजनकाने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते; १८ महिन्यांखालील कुत्रीपासून पिल्ले घेता येत नाहीत, आयुष्यात पाचांहून अधिक वेते नाहीत, आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ मध्ये बंधने आल्यावर मुख्यतः देशातलेच रक्त फिरू लागले व जवळच्या नात्यातले संयोग टाळणे अवघड झाले. टेरिअरांत डोळ्याचे भिंग निखळणे, गुडघ्याची वाटी सरकणे, मांडीच्या हाडाचे डोके झिजणे हे वंशागत दोष आढळतात. भिंगाच्या दोषाची जनुकचाचणी उपलब्ध असूनही ती न करता पैदास करणे हे छंदाचे नव्हे, धंद्याचे लक्षण होय.

वंशावळीची नोंद चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ठेवते. प्रदर्शनांचा हंगाम थंडीत असतो, आणि चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव व पुढे कोल्हापूर-पुणे ही वाट छंदिष्टांच्या अंगवळणी पडलेली. लहान टेरिअरची तपासणी टेबलावर होते. परीक्षक दात पाहतो, केसांत बोटे खुपसून आतला मऊ थर चाचपतो, आणि जॅक रसेल असल्यास कोपरांमागे दोन्ही हातांनी छाती कवळून पाहतो. बिळात मावणारी छाती दोन हातांत मावलीच पाहिजे. नंतर रिंगणात चाल. शेपूट खाली गेली की आठ महिन्यांची मेहनत तिथेच संपते.

रिंगणाबाहेर मूळ वृत्ती जात नाही. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) घुशीच्या मागे लागलेला टेरिअर हाकेला दाद देत नाही, आणि घोणस किंवा नाग समोर आला तरी मागे हटत नाही. पावसात उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि गोचिडांमुळे येणारा ताप हे आणखी दोन धोके. रेबीजबाबत स्थिती बरी : २०१४ पासूनच्या लसीकरण मोहिमेनंतर २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. पाळीव कुत्र्याची लस मात्र दरवर्षी घ्यावीच लागते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने हिंस्र ठरवलेल्या जातींवर बंदीचे पत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरवले. त्यात पिटबुल टेरिअर व अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर होते. लहान टेरिअरांपैकी एकही नव्हता.