कॅबिनेटमधली धूळ आणि पंख्याच्या दिशेचा जुना वाद

कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेताना हल्ली समोर जाळी हवी की काच, यावर बराच खल होतो. त्यामागचा खरा प्रश्न जुना आहे: हवा आत कुठून शिरते आणि कोणत्या पंख्याच्या जोरावर? १९९५ साली त्याचं एक उत्तर ठरलं होतं. काही वर्षांतच ते मागे घेतलं गेलं.

त्याआधी धूळ ही कॅबिनेटची नव्हे, खोलीची जबाबदारी होती. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतला ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याशिवाय चाले. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी चपला काढाव्या लागत, आत एसी असे, काम संपलं की मशीनवर कव्हर चढे. मग कॉम्प्युटर घरी आला, टेबलाखालच्या ट्रॉलीवर बसला आणि केरसुणी रोज त्याच्या तोंडासमोरून फिरू लागली.

१९९५ च्या एटीएक्स या कॅबिनेटच्या आतल्या मांडणीच्या आराखड्याने एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, प्रोसेसरच्या शेजारी आणला. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी, अशी मूळ कल्पना होती. त्याआधीच्या एटी आराखड्याच्या कॅबिनेटमध्ये हाच पंखा हवा बाहेर फेकत असे. दिशा उलटण्याचे दोन फायदे सांगितले गेले: प्रोसेसरला वेगळा पंखा लागणार नाही, आणि आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहिल्याने फटींतून धूळ शिरणार नाही. अडचण अशी की ती हवा एसएमपीएसची उष्णता घेऊनच प्रोसेसरवर येई. प्रोसेसर तापत गेले, त्यांना स्वतःचे पंखे लागले आणि एसएमपीएसचा पंखा पुन्हा बाहेर फुंकू लागला.

उष्णतेच्या हिशेबात ही माघार बरोबर होती. धुळीचा विचार मात्र तिच्यासोबतच वाहून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. दाबाची कल्पना चूक नव्हती, तिला फिल्टरची जोड हवी होती. ती न मिळाल्याने पुढची कितीतरी वर्षं घरोघरची कॅबिनेटं फक्त हवा बाहेर फेकणारी राहिली. समोरच्या पंख्याची जागा बहुधा रिकामीच असे. बाहेर गेलेल्या हवेची भरपाई फ्लॉपीच्या तोंडातून, सीडी ड्राइव्हच्या दाराच्या फटीतून, मागच्या खाचा झाकणाऱ्या, पण हरवलेल्या पट्ट्यांच्या जागेतून होई. फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडाशी जमणारी काळी रेघ त्या काळात मशीन उघडणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे.

‘पॉझिटिव्ह प्रेशर’, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा जास्त, हा शब्द आज सर्रास वापरला जातो आणि तितकाच चुकीचा समजला जातो. दोन पंखे आत, एक बाहेर, म्हणजे झालं पॉझिटिव्ह, असा हिशेब मांडतात. पण आत येणाऱ्या हवेच्या वाटेत फिल्टर असतो, पुढचं पॅनेल असतं, त्यामुळे पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. शिवाय दाब धूळ अडवत नाही, ती कोणत्या दाराने येईल एवढंच ठरवतो. त्या दाराला फिल्टर नसेल तर दाबाचा उपयोग काय? आणि फिल्टर चोंदला की आतली आवक घटते, दाब उलटतो आणि तीच जुनी फटींची वाट पुन्हा सुरू होते. फिल्टर लावून विसरणाऱ्याच्या घरी नेमकं हेच घडतं. पाहायचं असेल तर मशीन चालू असताना मागच्या एखाद्या फटीजवळ पेटती अगरबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर पंखे कितीही असोत, आतला दाब कमीच आहे.

२००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ या फार तापणाऱ्या प्रोसेसरने हा विषय पुन्हा तापवला. त्या काळात कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरवर येणारी नळी बसू लागली. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांपर्यंतची हवा मिळावी, असं त्यामागचं गणित. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात ते गणित खोलीतच मोडे. नळीला फिल्टर नसल्याने धूळ थेट हीटसिंकवर उतरे आणि पंख्याखाली नमद्यासारखा थर बसे. वरून पंखा फिरताना दिसे, खाली हवा पोचत नसे. त्याच वर्षी आलेला बीटीएक्स आराखडा हवेचा सरळ मार्ग आखणारा होता, पण २००६ मध्ये कमी तापणारे प्रोसेसर आले आणि तो मागे पडला.

पुढे एसएमपीएस तळाशी गेला, त्याला खालून स्वतंत्र हवा आणि स्वतःचा फिल्टर मिळाला. सीडी ड्राइव्ह गेला, पुढची बाजू मोकळी झाली. आणि नेमकी तेव्हाच, साधारण २०१६ नंतर, तिथे काच आली आणि हवा कडेच्या अरुंद फटींतून घ्यावी लागली. जाळी परतली ती ग्राफिक्स कार्डं तापू लागल्यावर.

म्हणून निवडताना मी आधी फिल्टर कसा निघतो ते पाहतो. तळाचा फिल्टर मागून ओढावा लागत असेल तर भिंतीला टेकलेलं कॅबिनेट कोणी दर महिन्याला हलवत नाही. देशावरची कोरडी धूळ पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारला की उडते. कोकणात पावसाळ्यानंतर ती ओल धरून चिकटते, तिथे आधी ब्रशच लागतो.