डोंगर सरकतोय, पण उपग्रह कुठल्या बाजूला आहे?

जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आली आणि वाहतूक जवळपास दिवसभर ठप्प झाली. पुढच्या वर्षी ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा नासा आणि इस्रोचा रडार-उपग्रह उडाला. तेव्हापासून ‘आता दरड कोसळण्याआधीच उपग्रह सांगणार’ असे संदेश फिरू लागले. ते वाचून वाटावं, वर कुणीतरी डोंगराकडे टक लावून बसलंय. प्रत्यक्षात निसार आपल्या त्याच वाटेवर दर १२ दिवसांनी परततो. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहांच्या मालिकेतला प्रत्येक उपग्रहही तसाच. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पावसाच्या माऱ्यात काही मिनिटांत निखळून येणारा असा ढिगारा उपग्रहाच्या हाती लागत नाही. तिथे जाळ्या, पर्जन्यमापक आणि रात्रीची गस्तच कामाची. उपग्रहाला दिसतो तो वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर अशा चालीने सरकणारा उतार.

तो कसा दिसतो? रडार लहरी सोडतं आणि जमिनीवरून परतलेल्या लहरीची फेज, म्हणजे लहर तिच्या चक्रात नेमकी कुठे आहे, हे नोंदवतं. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटीमीटर. लहर जाऊन परत येते, त्यामुळे जमीन २.८ सेंटीमीटर लांब गेली की फेजचं एक पूर्ण चक्र होतं. एक मिलिमीटर म्हणजे साधारण १३ अंश. सुमारे ७०० किलोमीटरवरून मिलिमीटर मोजले जातात ते असे. पण हे अंतर फक्त रडारच्या नजरेच्या रेषेत मोजलेलं असतं. बातम्यांत नेमकं हेच गाळलं जातं.

सेंटिनेल-१ जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतो आणि कायम उजवीकडे बघतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना, म्हणजे चढत्या फेरीत, तो पूर्वेकडे बघतो. उतरत्या फेरीत पश्चिमेकडे. आता कोकण रेल्वेचा मार्ग पाहा. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, बहुतांश उत्तर-दक्षिण, आणि पूर्वेला सह्याद्री. त्यामुळे रुळांवर येऊ शकणारे मोठे उतार बऱ्याच ठिकाणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. असा ३५ अंशांचा उतार उताराच्याच दिशेने १० मिलिमीटर सरकला असं धरू. म्हणजे तो सुमारे ८.२ मिलिमीटर पश्चिमेला गेला आणि ५.७ मिलिमीटर खाली. रडारची नजर उभ्या रेषेशी ३९ अंशांचा कोन करते असं समजा.

चढत्या फेरीत उपग्रह उताराच्या पश्चिमेला असतो. जमीन पश्चिमेला सरकली म्हणजे त्याच्या जवळ आली, खाली गेली म्हणजे दूर गेली. पहिल्याचा वाटा ५.२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४.५. वजाबाकी केली की उरतात जेमतेम ०.७ मिलिमीटर. दहातले नऊ मिलिमीटर हिशेबातच गडप! उतरत्या फेरीत उपग्रह पूर्वेला असतो, दोन्ही हालचाली त्याच्यापासून दूर जाणाऱ्या, त्यामुळे बेरीज होते आणि ९.६ मिलिमीटर दिसतात. डोंगर तोच, हालचाल तीच, एका नकाशात तो हिरवागार ‘स्थिर’ आणि दुसऱ्यात लालभडक. कक्षा थोडी तिरकी असल्याने आकडे किंचित बदलतात, गोष्ट बदलत नाही. नकाशावर ‘एआय-आधारित’ असा शिक्का मारल्याने सात टक्क्यांचे शहाण्णव होत नाहीत. म्हणून असा नकाशा समोर आला की पहिला प्रश्न ‘फेरी कुठली?’ हाच हवा.

शास्त्रीसारख्या नद्या पश्चिमेला वाहतात, त्यामुळे त्यांच्या खोऱ्यातले अनेक उतार उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून असतात. तिथे आडवी हालचाल दोन्ही फेऱ्यांना जवळपास अदृश्य, फक्त खाली जाण्याचा भाग दिसतो. वरच्याच उदाहरणात १० पैकी साडेचार मिलिमीटर. आणि रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या कटिंगची भिंत? पश्चिमेकडे तोंड केलेली ५५ अंशांची भिंत चढत्या फेरीच्या प्रतिमेत शेजारच्या जमिनीवर दुमडली जाते, उतरत्या फेरीत रडारच्या सावलीत जाते. त्यात सेंटिनेलच्या प्रतिमेतला एक ठिपका साधारण ५ बाय २० मीटरचा. रडार मोजतं तो कटिंगच्या वरचा नैसर्गिक उतार, खुद्द कटिंग नव्हे.

कोकणात पुढची अडचण हिरवाईची. पानं, फांद्या हलल्या की फेज विस्कटते. ५.६ सेंटीमीटरची लहर झाडोऱ्याच्या वरच्या थरातूनच परतते, म्हणून जून ते सप्टेंबरच्या बऱ्याच प्रतिमा फुकट जातात. हवेतली वाफही लहरीला उशीर करते आणि पावसाळ्यात ही चूक काही सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. जांभ्याखालच्या शेडी, म्हणजे मऊ चिकणमातीसारख्या, मातीत पाणी मुरून उतार सरकतो तोही याच महिन्यांत. मग मेची प्रतिमा ऑक्टोबरच्या प्रतिमेशी ताडावी लागते. मधल्या काळात जमीन नजरेच्या रेषेत पाव तरंगलांबीहून, म्हणजे १.४ सेंटीमीटरहून जास्त सरकली असेल, तर चक्र नेमकी किती झाली हे एकट्या फेजवरून ठरत नाही. निसारची एल-बँड लहर २४ सेंटीमीटरची. ती झाडोऱ्यात खोलवर शिरते आणि तिची हीच मर्यादा ६ सेंटीमीटर आहे. खरा फायदा हा.

झाडीतून वाट काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रडारला वर्षानुवर्षं तशीच चमकताना दिसणारी ठिकाणं निवडणं. संरक्षक भिंती, उघडे कातळ, इमारती. निदान वीस-पंचवीस प्रतिमा लागतात, म्हणजे साधारण वर्षभराच्या. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे रुळालगत खांबांची रांगच मिळाली. पण खांब सांगणार भरावाची हालचाल, वरच्या उताराची नाही. तिथे लहर आली त्याच दिशेने परत पाठवणारे कोनी परावर्तक बसवावे लागतात. एकमेकांना काटकोनात जोडलेले ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे, कडा एक मीटर, सिमेंटच्या पायावर घट्ट. सपाट ठेवला तर असा परावर्तक क्षितिजावर ३५ अंशांकडे बघतो आणि उपग्रह असतो ५१ अंशांवर. म्हणून पुढची कड सुमारे १६ अंश उचलतात. तसं केलं की पावसाचं पाणी आणि पालापाचोळा मागच्या कोपऱ्यात साचतो आणि चमक उतरते. त्या कोपऱ्यात भोक हवंच, आणि गस्तीवाल्याने येता-जाता ते मोकळं केलेलं बरं. एक परावर्तक न हलणाऱ्या कातळावर ठेवायचा, बाकीच्यांची मापं त्याच्या तुलनेत.

हाती येतो तो धोकादायक जागांचा क्रम. शंभर उतारांपैकी कुठल्या पाचांवर आधी पाणी काढून देणारे चर खणायचे, कुठे जमिनीचा कल मोजणारे कलमापक बसवायचे, एवढं कळलं तरी पुष्कळ. चीनच्या सिचुआन प्रांतात २४ जून २०१७ ला शिनमो गावावर डोंगर आला. त्याआधी उताराचा वेग वाढत गेल्याचं सेंटिनेलच्या नोंदींत दिसलं, पण ते घटनेनंतर मागे वळून पाहिल्यावर.

निसारसाठी मात्र वरचा सगळा हिशेब उलटा करावा लागेल. तो डावीकडे बघतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या उतारांना त्याची चढती फेरी सोयीची. परावर्तकही वेगळे लागतील. तरंगलांबी सव्वाचार पटींहून जास्त असल्याने तोच एक मीटरचा परावर्तक निसारला सुमारे १८ पट मंद दिसतो. तेवढीच चमक हवी तर कडा दोन मीटरच्या वर न्यावी लागते आणि तेवढा पत्रा कोकणच्या वादळी वाऱ्यात हलू नये, तर पायाही त्याच हिशेबाने खोल घ्यावा लागतो.