विद्यापीठ परिसरातील डेटा नेटवर्क व वायफायचे नूतनीकरण

विद्यापीठाच्या आवारातील इमारतींना जोडणारी फायबर केबल (काचेच्या धाग्यांची), प्रत्येक इमारतीत आलेला डेटा खोल्याखोल्यांत वाटून देणारे स्विच आणि तांब्याच्या केबल, छताला लावलेल्या, वायफायची रेडिओलहर सोडणाऱ्या पेट्या (ॲक्सेस पॉइंट) आणि वापरणाऱ्याची ओळख पटवणारे सर्व्हर मिळून परिसर-नेटवर्क तयार होते. ही यंत्रणा ठरावीक काळाने बदलून वाढत्या गरजेला पुरी पडेल अशी करणे म्हणजे तिचे नूतनीकरण. बोलण्यात या सगळ्यालाच 'वायफाय बसवणे' म्हणतात, आणि कामाची फसगत बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. वायफाय हा डेटाच्या प्रवासाचा शेवटचा वीस-तीस फुटांचा टप्पा आहे. त्यामागचा सगळा प्रवास जमिनीखालच्या डक्टमधून, जिन्याखालच्या रॅकमधून आणि भिंतीतल्या पाइपातून होतो. तो भाग जुनाच ठेवून छतावरची पेटी तेवढी नवी लावली, तर मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही.

बिनतारी डेटा नेटवर्कचा जन्मच विद्यापीठातला आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहानेट' सुरू केले. बेटाबेटांवर विखुरलेल्या आवारांतून ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकापर्यंत पोहोचायचे होते, म्हणून त्यांनी रेडिओचा आधार घेतला. नियम साधा होता : पाठवायचे असेल तेव्हा पाठवावे, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर प्रत्येकाने थोडा वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवावे. याच कल्पनेतून पुढे १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची, म्हणजे केबलने संगणक जोडण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. हवा सगळ्यांची सामाईक आहे आणि एका वेळी एकानेच बोलायचे आहे, हे अलोहानेटमधले बंधन आजच्या वायफायलाही आहे. नूतनीकरणातले निम्मे निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

संपूर्ण आवारात वायफाय पोहोचवण्याचे पहिले मोठे उदाहरण अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे. अॅलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने १९९३ साली तिथे 'वायरलेस अँड्र्यू' प्रकल्पाची सुरुवात झाली. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांच्या नावांवरून विद्यापीठाच्या तारेवरच्या नेटवर्कला 'अँड्र्यू' म्हणत, त्याचाच हा बिनतारी भाऊ. बिनतारी नेटवर्कचे ८०२.११ हे मानक १९९७ साली आले, म्हणजे प्रकल्प मानकाच्याही आधीचा. आरंभी वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ साली ११ मेगाबिटचे मानक आले आणि प्रकल्प साऱ्या आवारात पसरला. हिल्स यांच्या गटाला सर्वांत जास्त झगडावे लागले ते वेगाशी नव्हे, जागांशी. ॲक्सेस पॉइंट कुठे लावायचा, हे नकाशावर बसून ठरत नाही. अंदाजाने तो लावायचा, आवारात फिरून लहर किती पोहोचते ते मोजायचे, मग हलवायचा, असा तो क्रम होता. या मोजणीसाठी पुढे त्यांनी चाकांची एक गाडी केली. ती इमारतीतून ढकलत नेली की स्वतःची जागा आणि त्या जागेवरची लहरीची ताकद दोन्ही टिपत जाई. आज हे काम लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने होते, पण मजल्यामजल्यावर पायी फिरणे काही सुटलेले नाही.

भारतातही इंटरनेट आले ते शिक्षणसंस्थांच्या वाटेने. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली 'अर्नेट' हा शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते. जुहूच्या या केंद्राचे काम श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली चाले. सामान्य ग्राहकाला विदेश संचार निगमकडून इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे प्राध्यापकांची ई-मेल त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. पुढे २००९ साली सुरू झालेल्या माहिती व संवाद तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण मोहिमेतून विद्यापीठांना १ गिगाबिटची जोडणी देण्याची योजना आली. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि त्याची उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आली. या योजनांनी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत मोठा रस्ता आणून दिला. फाटकाच्या आतले रस्ते मात्र ज्याचे त्याने करायचे होते.

आतल्या कामाचा कणा म्हणजे फायबर. इमारत ते इमारत तांब्याची केबल टाकू नये, याला दोन कारणे आहेत. तांब्याच्या नेटवर्क-केबलची मर्यादा १०० मीटर आहे. शिवाय आवारात वीज पडली तर तांब्यातून झटका आत येऊ शकतो आणि दोन्ही टोकांचे स्विच जळू शकतात. काचेतून वीज वाहत नाही. पण ही काच जोडणे नाजूक काम आहे, आणि ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. जोडारी आधी केबलचे काळे आवरण सोलतो. आत रंगीत धागे दिसतात : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, असे ठरलेल्या क्रमाने बारा. एकेका धाग्यावरचा रंगाचा थर चिमट्याने ओरबाडून काढला की उरते १२५ मायक्रॉन जाडीची काच, केसाइतकी बारीक. त्यातला ९ मायक्रॉनचा गाभाच काय तो प्रकाश वाहतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कागदाने काच पुसायची, क्लीव्हरने अगदी काटकोनात कापायची आणि दोन टोके स्प्लायसिंग मशिनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती जाडजूड दिसू लागतात, क्षणभर ठिणगी उडते आणि दोन काचा एक होतात. मग जोडावर प्लास्टिकची नळी गरम करून आवळतात. धुळीचा एक कण राहिला तरी जोड पुन्हा करावा लागतो. पावसाळ्यात चेंबर पाण्याने भरले असताना, वर ताडपत्री धरून, आवाराच्या कडेला बसून माणसे हे काम करतात. नेट परत आल्यावर त्यांची आठवण कोणाला राहत नाही, म्हणून या नोंदीत त्यांना जागा हवी.

फायबर तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आवारात चाललेली दुसरी खोदाई. पाण्याची लाइन दुरुस्त करायला जेसीबी येतो आणि एका फटक्यात तीन विभागांचे नेट जाते. म्हणून मुख्य इमारतींना दोन वेगळ्या मार्गांनी फायबर नेतात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालते. दोन्ही केबल एकाच चरातून नेल्या तर या खर्चाचा काहीच उपयोग होत नाही. आणि हीच चूक सर्रास होते, कारण दुसरा चर खणायला परवानगी आणि पैसा दोन्ही वेगळे लागतात.

इमारतीच्या आत दोन प्रश्न येतात, विजेचा आणि केबलचा. ॲक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विचचा एक पोर्ट (केबल खोचायची जागा) १५.४ वॅट देई, २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅट झाली आणि २०१८ च्या मानकाने ती ९० वॅटपर्यंत नेली. जुन्या १५.४ वॅटच्या स्विचला नवा ॲक्सेस पॉइंट लावला की तो चालू होतो, हिरवा दिवाही लागतो, पण वीज अपुरी पडून बहुतेक वेळा अर्ध्या ताकदीनेच काम करतो. तक्रार येते ती 'नवीन वायफाय स्लो आहे' अशी, आणि दोष असतो जिन्याखालच्या स्विचमध्ये. केबलच्या बाबतीत मात्र २०१६ साली दिलासा मिळाला. त्या वर्षीच्या मानकामुळे भिंतीतल्या जुन्या, कॅट-५ई प्रकारच्या तांब्याच्या केबलमधूनही अडीच गिगाबिटचा वेग काढता येऊ लागला, आणि जिथे भिंती फोडणे शक्य नाही तिथे हे फार उपयोगी पडते. मुंबई विद्यापीठाची फोर्ट येथील १९व्या शतकातली वास्तू किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, एके काळी गव्हर्नरचे निवासस्थान असलेली मुख्य इमारत घ्या. असल्या जाड दगडी भिंतींतून लहर पलीकडे जात नाही आणि भिंतीला मनाला येईल तिथे ड्रिल लावता येत नाही. अशा ठिकाणी खोलीगणिक लहान ॲक्सेस पॉइंट लावणे आणि केबल जुन्या वायरिंगच्या पट्ट्यांतून नेणे, हाच मार्ग उरतो.

मोठ्या व्याख्यानगृहाचे गणित वेगळे. तिथे लहर पोहोचते, अडचण गर्दीची असते. तीनशे विद्यार्थी, प्रत्येकाजवळ मोबाइल आणि अनेकांजवळ लॅपटॉप. वायफायच्या लहरींसाठीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, म्हणजे वेगळ्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. म्हणून गर्दी ५ गिगाहर्ट्झवर वळवावी लागते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली विनापरवाना खुला झाला, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. रेंज वाढावी म्हणून ॲक्सेस पॉइंटची ताकद वाढवण्याचा मोह होतो, पण व्याख्यानगृहात ती कमीच ठेवावी लागते, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानावर पडत नाही. अगदी संथ वेगाच्या जोडण्या बंद कराव्या लागतात, कारण संथ बोलणारा एक जण बाकी सगळ्यांचा वेळ खातो. एकेका विभागाला स्वतःच्या नावाचे वायफाय देण्याची हौसही आवरावी लागते. प्रत्येक नावाची घोषणा ॲक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे दहा वेळा करतो, आणि ती संथ वेगाने करतो. नावे आठ-दहा झाली की हवेतला बराच वेळ घोषणांतच जातो.

गर्दीबरोबर पत्त्यांचाही, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला लागणाऱ्या आयपी क्रमांकांचाही, तुटवडा येतो. नेहमीच्या एका उपजाळ्यात (नेटवर्कच्या एका भागात) २५४ पत्ते मावतात. तीनशे जणांच्या वर्गात ते पहिल्या दहा मिनिटांत संपतात आणि मागच्या बाकावरच्याला 'आयपी मिळत नाही' असे दिसते. अलीकडचे मोबाइल खाजगीपणासाठी स्वतःचा यंत्रक्रमांक (नेटवर्कला यंत्र ओळखू येते तो क्रमांक) बदलून दाखवतात, त्यामुळे एकच मोबाइल दोन-तीन पत्ते अडवून बसू शकतो. यंत्रक्रमांकाची नोंद करून प्रवेश देण्याची जुनी पद्धतही यामुळे मोडली.

ओळख पटवण्यासाठी आज सर्वांत चांगली व्यवस्था 'एज्युरोम' ही आहे. युरोपातल्या संशोधन-नेटवर्कांनी २००२-०३ च्या सुमारास ती सुरू केली आणि आता ती शंभराहून अधिक देशांत चालते. भारतात ती अर्नेट चालवते. पुण्यातली विद्यार्थिनी ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात गेली, तर तिचा मोबाइल आपोआप जोडला जातो. तिचा पासवर्ड तिथल्या विद्यापीठाला दिसत नाही. तो बंद लिफाफ्यासारखा तिच्या स्वतःच्या विद्यापीठाकडे जातो आणि तिथून होकार येतो. यासाठी तिच्या मोबाइलमध्ये विद्यापीठाच्या सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र नीट बसवलेले असावे लागते. ते न तपासता जोडणी करण्याची सवय लागली, तर त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट लावून कोणीही पासवर्ड काढून घेऊ शकतो.

नेटवर्कवर आता विद्यापीठाची रोजची कामेही उभी आहेत. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली. अशा व्यवस्थेत नेट गेले की तपासणी थांबते. म्हणून जुन्या नेटवर्कवरून नव्यावर येण्याचे काम परीक्षा आणि प्रवेश टाळून, सुटीत किंवा रात्री करतात. आधी एकच इमारत बदलायची, तिथे महिनाभर नवे चालवायचे आणि मगच पुढे जायचे. खर्चाची आखणीही भागाभागाने करावी लागते, कारण सगळे एकदम जुने होत नाही. फायबर वीस वर्षे सहज टिकते, स्विच सात-आठ वर्षे, ॲक्सेस पॉइंट पाच-सहा. एकाच टेंडरमध्ये सगळे घेऊन पुढची दहा वर्षे विसरून जाणे, हे सरकारी अनुदानाच्या तालावर चालणाऱ्या संस्थांत नेहमी घडते आणि सहाव्या वर्षी सगळे आवार एकदम कुरकुरू लागते.

मोजणी कधी करायची, हा मुद्दा छोटा वाटतो, पण तोच निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका वसतिगृहात उन्हाळ्याच्या सुटीत मोजणी झाली. ॲक्सेस पॉइंट व्हरांड्यात होते, खोल्या रिकाम्या होत्या, आकडे उत्तम आले आणि काम ताब्यात घेतले गेले. जूनमध्ये मुले आली आणि प्रत्येकाने आपले लोखंडी कपाट व्हरांड्याकडच्या भिंतीला लावले, कारण खिडकीकडे टेबल हवे होते. लहर कपाटाला आदळून परत फिरू लागली. मुले दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून अभ्यासाला बसत. दिवाळीनंतर, मुले खोल्यांत असताना, पुन्हा मोजणी झाली. ॲक्सेस पॉइंट व्हरांड्यातून काढून एकाआड एक खोलीत, टेबलाच्या वरच्या बाजूला लावले गेले. व्हरांड्यातली केबल आधीच आखूड कापलेली होती, त्यामुळे प्रत्येक खोलीसाठी ती नव्याने ओढावी लागली.