कर्नेलच्या ट्रेसिंग कोडमधील किरकोळ बग आणि त्यांची दुरुस्ती

कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालू असताना त्याच्या आत कोणते फंक्शन कधी कॉल झाले, कोणती घटना नेमकी कोणत्या क्षणी घडली, याची नोंद ठेवणाऱ्या कोडला ट्रेसिंग कोड म्हणतात. या कोडमधले छोटे बग शोधून दोन-चार ओळींच्या पॅचने (कोडमधल्या छोट्या बदलाने) ते बुजवणे हे कर्नेल विकासातले नित्याचे काम आहे. नवख्यांना ते सोपे वाटते, कारण पॅच लहान असतो. पण पॅचची लांबी आणि बगचे गांभीर्य यांचा इथे फारसा संबंध नसतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः लिनक्स कर्नेलविषयी आहे.

लिनक्समधील एफट्रेस ही ट्रेसिंग व्यवस्था २.६.२७ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली मुख्य कर्नेलमध्ये आली. स्टीव्हन रोस्टेड्ट हे तिचे कर्ते आणि मेंटेनर (देखभाल करणारे). तिची मुळे कर्नेल विकासक इंगो मोल्नार यांच्या रिअल-टाइम पॅचमधल्या, विलंब मोजणाऱ्या लेटन्सी ट्रेसरपर्यंत जातात. कंपायलर जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एक कॉल घालतो आणि कर्नेल स्वतः सुरू होताना त्या कॉलच्या जागी काहीच न करणारी सूचना लिहितो. एक्स८६-६४ वर ही जागा पाच बाइटची असते. ट्रेसिंग चालू केले की तिथे पुन्हा कॉल लिहिला जातो. चालू कर्नेलचा मशीन कोड असा जागच्या जागी बदलला जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे या भागातल्या ‘किरकोळ’ चुकांची भीती का वाटते ते समजते. याशिवाय कोडमध्ये आधीच पेरलेले ट्रेसपॉइंट (नोंदीच्या ठरलेल्या जागा), चालू कर्नेलमध्ये हव्या त्या जागी नोंद घेऊ देणारे, २००४ पासून असलेले केप्रोब्ज आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा रिंग बफर (नोंदी साठवणारी चक्राकार मेमरी) हे या व्यवस्थेचे इतर भाग.

बगांपैकी पुष्कळसे कुठल्याही सी कोडमध्ये सापडतील असे असतात. मेमरी मागितली, पुढची पायरी फसली आणि परतीच्या वाटेवर ती मोकळी करायची राहिली. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेतला आणि चुकीच्या लेबलकडे उडी मारल्यामुळे तो सुटलाच नाही. संदर्भगणना (एखादी गोष्ट किती जण वापरत आहेत याचा आकडा) वाढवली पण घटवली नाही. कर्नेल ६.५ पासून कोडच्या ब्लॉकची व्याप्ती संपताच आपोआप साफसफाई करणारी मॅक्रो (कोडची लघुरूपे) उपलब्ध झाली आणि ट्रेसिंग कोडही हळूहळू त्यांकडे वळला, त्यामुळे या जातीचे बग कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे. त्यांवर इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ट्रेसिंगचे खास म्हणावेत असे बग वेगळेच. त्यांतला पहिला प्रकार पुनरावृत्तीचा. ट्रेसरने नोंद करताना कॉल केलेले फंक्शन स्वतःच ट्रेस होत असेल, तर ते पुन्हा ट्रेसरला बोलावते, ट्रेसर पुन्हा त्याला, आणि स्टॅक (फंक्शन कॉलसाठीची मर्यादित मेमरी) संपून यंत्र कोसळते. दुरुस्ती अनेकदा एका शब्दाची असते: फंक्शनवर ‘नोट्रेस’ अशी खूण करायची, किंवा कोड कसा बांधायचा ते सांगणाऱ्या मेकफाइलमधून ती संपूर्ण फाइल ट्रेसिंगच्या बाहेर काढायची. मात्र हा शब्द जिथे तिथे लावला तर कर्नेलचा तेवढा भाग आंधळा होतो. म्हणून नेमके कोणते फंक्शन वगळायचे हे ठरवण्यातच खरे काम असते. शब्द टाइप करायला वेळ लागत नाही. पुनरावृत्ती ओळखून मागे फिरणारे संरक्षण कोडमध्ये आहे, पण ते ज्या फंक्शनांच्या आधारावर उभे आहे तीच ट्रेस झाली तर त्याचाही उपयोग नाही.

दुसरा प्रकार काळाच्या अंतरातून जन्मतो. घटना घडते तेव्हा फक्त कच्ची माहिती रिंग बफरमध्ये जाते. ती वाचनीय मजकुरात बदलली जाते ती कुणी ट्रेस फाइल वाचेल तेव्हा, कदाचित तासाभराने. ट्रेसपॉइंट लिहिणाऱ्याने स्ट्रिंगऐवजी (अक्षरांच्या मजकुराऐवजी) तिचा नुसता पत्ता साठवला असेल, तर तोवर ती मेमरी मोकळी झालेली असू शकते, मॉड्यूल (कर्नेलला जोडता-काढता येणारा भाग) उतरवलेले असू शकते. चाचणीत सगळे ठीक दिसते, कारण चाचणी करणारा लगेच वाचतो. उपाय असा की स्ट्रिंगच बफरमध्ये उतरवून घ्यायची. अशा चुका इतक्या वारंवार होत, की पुढे कर्नेलमध्येच घटनांचे छपाई-स्वरूप तपासून संशयास्पद पॉइंटरबद्दल (साठवलेल्या पत्त्याबद्दल) इशारा देणारा कोड घालण्यात आला. स्ट्रिंग उतरवणाऱ्या मॅक्रोला तोच स्रोत दोन ठिकाणी द्यावा लागे आणि दोन्हींत तफावत पडू शके. २०२४ च्या ६.१० आवृत्तीत दुसऱ्या ठिकाणचा आर्ग्युमेंट सर्व कर्नेलभरातून काढून टाकला गेला. एकेक बग बुजवण्यापेक्षा ती चूक करणेच अशक्य करून टाकणे, हा या क्षेत्रातला सर्वांत समाधानकारक पॅच म्हणावा लागेल.

लहान चूक किती दूर जाऊ शकते याचे गाजलेले उदाहरण २००८ सालचेच आहे. २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्यांची इंटेलची ई१०००ई नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली, कारण कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूर बिघडत होता. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. खरा दोषी निघाला डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे एफट्रेसचा चालू कोड बदलणारा भाग. कॉलच्या जागांचे पत्ते तेव्हा कर्नेल चालू असताना गोळा केले जात. मॉड्यूलचा आरंभीचा कोड काम झाल्यावर मेमरीतून जाई, पण त्याचे पत्ते यादीत तसेच राहत. तोच पत्ता पुढे कार्डाच्या मेमरीसाठी वापरला गेला, तर एफट्रेस तिथे ‘तुलना करून बदल’ ही सूचना चालवी. अपेक्षित मजकूर तिथे नसल्याने बदल व्हायला नको. पण एक्स८६ वर ही सूचना तुलना फसली तरी वाचलेलेच मूल्य परत लिहिते. साध्या रॅमला त्याने काही होत नाही, कार्डाच्या मेमरीला होते. २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस चक्क बंद करण्यात आले आणि नंतर पत्ते कर्नेल बांधतानाच गोळा करण्याची पद्धत आली.

शोधाची साधने नेहमीचीच: मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर पकडायला केएसॅन, गळती शोधायला केमेमलीक, लॉकच्या क्रमासाठी लॉकडेप, आणि यादृच्छिक सिस्टिम कॉलचा मारा करणारा सिझकॉलर. एफट्रेसची स्वतःची चाचणीमालाही कर्नेलसोबत येते आणि पॅच पाठवण्याआधी ती चालवणे अपेक्षित असते. पॅचच्या संदेशात बग कोणत्या कमिटने (आधी नोंदवलेल्या बदलाने) आणला ते त्याच्या हॅशच्या (ओळखक्रमांकाच्या) पहिल्या १२ अक्षरांनिशी नोंदवतात. जुन्या स्थिर आवृत्त्यांत जाणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा, असा लेखी नियम आहे. ट्रेसिंगमधल्या चांगल्या पॅचचा संदेश बहुधा पॅचपेक्षा लांब असतो, आणि तसाच असावा: कोणत्या क्रमाने काय घडले की चूक प्रकट होते, हे वाचणाऱ्याला त्यावाचून कळणार नाही.

काही गोष्टी बग वाटल्या तरी हात लावण्यापूर्वी थांबावे लागते. प्रत्येक घटनेच्या आरंभी असलेले लॉकची खोली सांगणारे एक फील्ड, बिग कर्नेल लॉक (सगळ्या कर्नेलसाठीचे एकच जुने कुलूप) हटवल्यावर निरुपयोगी झाले, म्हणून २०११ च्या सुमारास काढले गेले. त्याबरोबर पॉवरटॉप हा वीजवापर तपासणारा प्रोग्राम मोडला, कारण पुढच्या फील्डच्या जागा त्यात ठोकून बसवलेल्या होत्या. प्रत्येक घटनेची रचना सांगणारी फॉरमॅट फाइल उपलब्ध असताना तसे करणे चूकच. पण वापरकर्त्यांचे चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांचा दंडक कर्नेलकडूनच माघार घ्यायला लावतो. रिकामे चार बाइट परत घालण्यात आले आणि पॉवरटॉप फॉरमॅट फाइल वाचू लागल्यानंतरच ते पुन्हा निघाले.